धवळ्याची खूण

१

शहापुरात तेव्हा भोंगेवाले दोन होते. दुसऱ्याचं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण त्याचा भोंगा सुरू झाला की लोक कानांत बोटं घालत. महिपतचा भोंगा लागला, की म्हातारीकोतारीही मांडवात पुढे सरकून बसत.

दुसरी मोठी लढाई संपल्यावर कल्याणच्या छावणीतला माल विक्रीला निघाला, त्यात महिपतने हे मशीन उचललं होतं. खाकी पत्र्याची पेटी, आत काचेचे पाच व्हॉल्व्ह. मोटरची बॅटरी जोडली की ते हळूहळू लाल होत, आणि नीट तापेपर्यंत महिपत कुणाला माईकला हात लावू देत नसे. "चूल पेटल्याबिगर तवा ठेवतोस का रे?" असं विचारून तो घाईवाल्याला गप्प करी.

पेटीच्या तोंडावर तीन गोल बटणं होती. एक माईकचं, एक ग्रामोफोनचं आणि एक सुराचं. पहिली दोन पोरालाही कळतील, फिरवलं की आवाज वाढतो. खरी मेख तिसऱ्यात होती. डावीकडे नेलं की आवाज जाड होई, घुमे. उजवीकडे नेलं की बारीक आणि धारदार. त्या बटणाभोवती महिपतने चाकूच्या टोकाने पत्र्यावर खुणा कोरल्या होत्या. भजनाला जरा डावीकडे, म्हणजे मृदंग पोटातून बोलतो आणि टाळ कानाला खात नाहीत. लावणीच्या तबकडीला उजवीकडे, नाहीतर घुंगरं मिळमिळीत होतात. सनईला बरोबर मधे, कारण सनई मुळातच तिखट, तिला वरून मिरची नको. आणि पुढाऱ्याच्या भाषणाला अगदी उजवं टोक. "पुढारी पोटातून बोलतच नाय, मंग जाड आवाज कशाला?" महिपत म्हणे.

या सगळ्या खुणा लागल्या होत्या त्या पारूच्या आवाजावर. पारू ही त्याची धाकटी बहीण. आईबाप एकाच पावसाळ्यात तापाने गेले तेव्हा ती सात वर्षांची होती, आणि तेव्हापासून महिपतच तिचा बाप आणि आई. रोज संध्याकाळी तो तिला माईकसमोर बसवी आणि बटण फिरवत राही. ती कधी ओव्या म्हणे, कधी शेजारणीची नक्कल करी. तिचा आवाज जरा घोगरा होता, शब्दाच्या शेवटी थोडा फाटायचा. शंभर बायकांत तो महिपतने डोळे मिटून ओळखला असता.

सत्तेचाळीस सालच्या माघात पारूचं लग्न ठरलं. मुलगा मुरबाडच्या पुढचा, वैशाखऱ्याचा. नवशा त्याचं नाव. भाताची शेती, घरात एक म्हातारी आई, बाईजा. माळशेजच्या घाटाखालचं गाव म्हणून पारू कुरकुरली. "लय डोंगर हाय, दादा. तुझा भोंगाबी ऐकू येयाचा नाय."

"बघच तू," महिपत म्हणाला.

२

लग्न नवऱ्याच्या घरी होतं. महिपतने मशीन बैलगाडीत गवतावर ठेवून आणलं आणि स्वतः चालत आला. एक कर्णा त्याने दारच्या आंब्याला बांधला, गावाकडे तोंड करून. दुसरा नवशाच्या छपरावर, घाटाकडे तोंड करून.

दुपारी धवळारीण आली. या मुलखात लग्न लागतं ते तिच्या गाण्यावर. तिचं नाव सकुबाई, साठीची, काटक, आणि जिभेवर चार गावांच्या कुळांची नावं. बरोबर साथीला दोन बायका. मांडवात बसून ती आधी देवांना बोलावते, मग त्या घरच्या गेलेल्या माणसांना, एकेकाचं नाव घेऊन. लग्न उरकलं की त्याच नावांनी त्यांना परत पाठवते. हे गाणं म्हणजे धवळे.

महिपतने तिच्यापुढे माईक धरला तशी ती मागे सरकली.

"ह्ये नको रे बाबा. धवळं उंबऱ्याआतलं असतंय. आमी मोठ्यानं म्हनत नाय."

"सकुमावशी, पारूला आईबाप नाय," महिपत म्हणाला. "निदान तिचं लगीन चार गावांना तरी ऐकू जाऊ दे."

सकुबाईने पारूकडे पाहिलं. हळदीने माखलेली पोर मान खाली घालून बसली होती. म्हातारी विरघळली. "बरं, धर ह्या पोरीसाठी," असं म्हणून तिने माईक मांडीशी ओढला.

आता महिपतची पंचाईत झाली. धवळ्याला खूण नव्हती. धवळे कुणी भोंग्यावर लावलेच नव्हते, तर खूण येणार कुठून? भजनाच्या खुणेवर तिन्ही म्हाताऱ्यांचा आवाज एकाच गोधडीत गुंडाळल्यासारखा येई. सनईच्या खुणेवर किनरा होई. तो बटण केसाएवढं इकडे, केसाएवढं तिकडे करत राहिला, आणि त्या दोन खुणांच्या मधे एका जागी आवाज अचानक बसला. इतका स्वच्छ, की सकुबाईचा श्वास छपरावरून ऐकू आला. महिपत खूश झाला. त्याने चाकू काढून तिथे नवी खूण कोरली.

सकुबाई एकेक नाव घेई, "मांडवाला या गो या" म्हणे, आणि साथीच्या दोघी म्हणत, "आले गो आले." आवाज घाटावर जाऊन आपटत होता. पाचसात नावं झाल्यावर महिपतच्या लक्षात आलं, की मांडवात साथीला दोघी आहेत आणि भोंग्यात तिघी. तिसरी जराशी मागून येत होती.

डोंगराचा पडसाद, त्याने मनाशी म्हटलं. पडसाद माईकमध्ये शिरतो आणि भोंग्यातून पुन्हा निघतो, हे त्याने पूर्वीही पाहिलं होतं.

मग सकुबाई पाणी प्यायला थांबली. साथीच्या बायकांनी पानाला चुना लावायला घेतला. मांडवात कुणी गात नव्हतं. तेव्हा छपरावरच्या कर्ण्यातून एकदाच, शांतपणे आलं, "आले गो."

कुणाचं लक्ष नव्हतं. स्वयंपाकातली एखादी बाई माईकजवळून बोलत गेली असेल, असं महिपतने ठरवून टाकलं. फक्त पारूने मान वर करून घाटाकडे पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाठवणीचे धवळे म्हणायचे होते. पण रात्रभर तबकड्या वाजवून बॅटरी बसली होती, व्हॉल्व्ह पेटेनात. सकुबाई म्हणाली, बरंच झालं, आणि ओसरीवर बसून आपल्या तोंडाने तिने सगळ्यांना हळू आवाजात निरोप दिला. महिपत तेव्हा तारा गुंडाळत होता. निघताना पारू त्याच्या गळ्यात पडून रडली, तोही रडला, आणि रिकाम्या घरी परत आला.

३

आठ दिवसांनी सापगावच्या देवळात भजन होतं. महिपतने बटण भजनाच्या खुणेवर आणलं. पहिला अभंग संपला, बुवा खाकरले, आणि त्या फटीत भोंग्यातून अगदी पुसट आलं, "आले गो."

महिपतने बटण झटकन उजवीकडे नेलं. आवाज गेला. पण टाळ कर्कश झाले, बुवांनी रागाने पाहिलं, म्हणून त्याला परत डावीकडे यावं लागलं. पुन्हा तेच. दर अभंगानंतर, जणू कुणी आपली पाळी यायची वाट बघत होतं.

घरी येऊन दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मशीन ओट्यावर ठेवून तपासायला घेतलं. लावणीच्या खुणेवर काही नाही. भाषणाच्या खुणेवर काही नाही. सनईवर हलकी कुजबुज. धवळ्याच्या नव्या खुणेवर मात्र आवाज स्वच्छ. महिपतने माईक काढून टाकला. तरी आवाज आला. ग्रामोफोनची तार काढली. तरी आला.

तो मशीन घेऊन कल्याणला गेला. तिथे दामू नावाचा त्याचा दोस्त होता, छावणीत वायरलेस दुरुस्त करून शिकलेला. दामूने एकेक व्हॉल्व्ह बदलून पाहिला, सगळे सांधे पुन्हा डाखले.

"रेडिओ पकडत असंल," दामू म्हणाला. "ही जुनी मशीनं पकडतात कधीकधी. मुंबईचं स्टेशन."

"स्टेशन दिसभर दोनच शब्द बोलतं का रे?"

दामूने कान लावला, बटण फिरवलं. "मला तर काय ऐकू येत नाय."

महिपतला येत होतं. तिथेच, त्या क्षणी, दामूच्या खांद्यामागून आल्यासारखं. आणि त्याला आणखी एक गोष्ट कळली, जी त्याने दामूला सांगितली नाही. वैशाखऱ्यात तो आवाज डोंगरावरून आला होता. सापगावात देवळाबाहेरून. ओट्यावर लावला तेव्हा समोरच्या गल्लीतून. तो दर वेळी थोडा जवळ येत होता.

महिपत घाबरला. पण घाबरलो असं कबूल केलं तर धंदा बसतो, म्हणून तो स्वतःचीच समजूत घालत राहिला. घर रिकामं झालंय. दहा वर्षं जिचा आवाज कानात होता ती सासरी गेली. माणसाचे कान उपाशी राहिले की नसलेलं ऐकतात. ही समजूत त्याला चार दिवस पुरली. पाचव्या दिवशी दुपारी त्याने पुन्हा मशीन लावलं, आणि "आले गो"मधला शेवटचा "गो" घोगरा निघाला, टोकाशी थोडा फाटलेला.

त्याने बॅटरीची तार उपटली आणि पेटीवर पोतं टाकलं.

४

त्याच आठवड्यात नवशा दारात उभा राहिला. मुरबाडवरून पहाटे निघून चालत आला होता, पाय धुळीने भरलेले.

"मेहुणं, तुमी चला," तो म्हणाला. "पारूचं काय खरं नाय."

पाणी पिऊन त्याने सांगितलं ते असं. पारू दिवसाउजेडी काम करता करता थांबते. तांदूळ पाखडत असली तर सूप तसंच हातात राहतं. कुणी हाक मारावी तसं कान देते, "आले गो" म्हणते आणि उठून घाटाच्या रस्त्याला लागते. दोनदा शेजाऱ्यांनी आणली. तिसऱ्यांदा गावाच्या शिवेबाहेर सापडली.

"आन तिचा आवाज चाललाय," नवशा म्हणाला. "आधी बसला. आता नुसतं व्हट हालतात. वैदू झाला, मुरबाडचा डॉक्टर झाला. गळ्याला काय झालं नाय म्हनतो."

महिपतने पेटीवरच्या पोत्याकडे पाहिलं. पारूचा आवाज कुठे चाललाय ते त्याला ठाऊक होतं. हे कुणाला सांगायचं आणि कसं, हेच फक्त त्याला कळेना.

त्याने सांगितलं सकुबाईला. वैशाखऱ्याला पोचल्याबरोबर, पारूला भेटायच्याही आधी. म्हातारी अंगणात वाल सोलत होती. ऐकता ऐकता तिचे हात थांबले.

"बोलावनं तुझ्या भोंग्यातून गेलं," ती म्हणाली. "जितवर ऐकू गेलं तितवर पोचलं. आन पाठवनी म्यां वसरीवर केली. ती उंबऱ्याच्या भायेर कुनी ऐकली?"

"पन तू नावं तर घरच्यांचीच घेतलीस."

"मी घेतली रे. ऐकनारा काय नाव बघून थांबतो? जेवनाची हाक आली की बिनबोलावलेलाबी येतोच." तिने शेंगा बाजूला सारल्या. तिचा चेहरा महिपतला पूर्वी इतका म्हातारा वाटला नव्हता. "त्याच भोंग्यातून पाठवायला लागंल. त्याच जाग्यावरून, त्याच सुरात. लवकर कर. पोरीचं समदं गेलं तर मंग कुनाला वाचवायचं?"

५

महिपत शहापूरला जाऊन मशीन आणि भरलेली बॅटरी घेऊन आला. दोन दिवस गेले. तेवढ्यात पारू आणखी दोनदा उठून गेली होती. आता बाईजाने तिच्या कमरेला लुगड्याची गाठ मारून दुसरं टोक आपल्या हातात ठेवलं होतं. महिपतला पाहून पारू हसली. तिचे ओठ "दादा" असे हलले. आवाज आला नाही. महिपतने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तोंड फिरवून कर्णे बांधायला गेला.

भर दुपारी, ऊन अंगणात सरळ पडलेलं असताना, सगळं लावून झालं. आंब्यावर एक कर्णा, छपरावर एक. व्हॉल्व्ह लाल झाले. महिपतने बटण धवळ्याच्या खुणेवर आणलं.

लगेच आवाज आला. "आले गो." आता तो लांबून येत नव्हता. माईकला ओठ टेकवून कुणी बोलावं तसा होता, आणि तो पारूचा होता. त्यात आता शंकेला जागाच नव्हती. पारू चार हातांवर तोंड मिटून बसली होती.

बाईजाने पदर तोंडात कोंबला. सकुबाईने मात्र कुणाकडे न बघता गायला सुरुवात केली. देवांना पाठवलं. घरच्या गेलेल्यांना, एकेक नाव घेऊन, पाठवलं. साथीच्या बायका म्हणत, "गेले गो गेले." भोंग्यातून त्यांच्या मागोमाग तिसरी म्हणे, "गेले." शेवटी सकुबाई थांबली, घाम पुसला, आणि म्हणाली, "बिननावाचं जे कोन आलं, ऐकून आलं, वाटेनं आलं, त्यानं आल्या वाटंनं जावं. आपलं घेऊन जावं."

"गेले गो गेले," साथीच्या बायका म्हणाल्या.

भोंग्यातून काहीच आलं नाही. नुसती व्हॉल्व्हची बारीक सूं सूं, मग दूर, डोंगराच्या पायथ्याशी असल्यासारखं, एक "गेले". मग तेही नाही.

"दादा," पारू म्हणाली.

मोठ्याने, स्वच्छ म्हणाली. बाईजा ओरडून रडायलाच लागली. नवशाने सकुबाईच्या पायांवर डोकं ठेवलं. "मला भूक लागली गो आत्या," पारू सासूला म्हणाली, तशा सगळ्या बाया हसत-रडत चुलीकडे धावल्या. सकुबाईला नवशाने हाताला धरून सावलीत नेलं. अंगणात बहीणभाऊ दोघेच राहिले.

६

महिपतच्या छातीवरचा दगड उतरला होता. इतका आनंद त्याला मशीन विकत घेतलं तेव्हाही झाला नव्हता. त्याने माईकचं बटण लहान केलं, सुराचं धवळ्याच्या खुणेवरून हलवलं आणि जुन्या सवयीने माईक पारूपुढे धरला. "बोल, बोल कायतरी."

"काय बोलू?" पारू म्हणाली.

भोंग्यातून काही आलं नाही.

महिपतने माईकवर टिचकी मारली. आंब्यावरून टक् झालं. तो स्वतः खाकरला. खाकरणं ऐकू आलं. मागच्या दारी बाईजाने पातेलं आपटलं, तेसुद्धा आलं.

"पुन्यांदा बोल."

"बोलते की. तुला ऐकू येत नाय का?"

त्याला येत होतं. समोरून, कानांनी. भोंग्यात ती नव्हती. तार ढिली असेल, असं त्याला वाटून गेलं, पण ढिली तार एकाच माणसाला गाळत नाही. त्याने बटण भाषणाच्या खुणेवर नेलं. लावणीच्या. सनईच्या. भजनाच्या. पारू बोलत होती, आत्याला आज वालाचं बिरडं कर म्हणून सांगते, असं काहीतरी, आणि कर्णा गप्प होता. तिचा घोगरेपणा बरोबर होता. शब्दाच्या शेवटी आवाज जिथे फाटायचा, तिथे फाटत होता. तिच्या ओठांशी धरलेल्या माईकपर्यंत त्यातलं काही पोचत नव्हतं.

एकच खूण राहिली होती. तिथे बटण न्यायचं नाही, असं महिपतने ठरवलं आणि नेलं.

पावलं ऐकू आली. खूप पावलं, दगडगोट्यांच्या चढावर. मधूनच कुणी धापा टाकत होतं. आणि त्या धापांतून पारू बोलली, सात वर्षांची असताना अंधारात बोलायची तशी, रडू आवरून.

"दादा, ही मानसं कोन हायेत? मला कुठं नेतात?"

महिपतने घाटाकडे पाहिलं. रस्ता पांढरा पडला होता. त्यावर माणूस नव्हतं, जनावर नव्हतं. पण वरच्या वळणावर धूळ उठत होती आणि हळूहळू पुढे सरकत होती.

त्याने माईक स्वतःकडे वळवला. तेवढ्यात समोरचीने आपला तळवा त्यावर ठेवला. त्याच्या बोटांना लागलेला तो तळवा थंड नव्हता, गरम नव्हता. ती घाबरलेली नव्हती. तिला सगळं माहीत होतं, आणि ती त्याच्याकडे मायेने बघत होती, त्याचंच महिपतला सगळ्यात जास्त भय वाटलं.

"हाक मारू नको, दादा," ती हळूच म्हणाली. "ती एकटी येयाची नाय."

मागच्या दारी पानं मांडल्याचा आवाज आला. बाईजाने दोघांना जेवायला बोलावलं. छपरावरच्या कर्ण्यातून पावलं आणखी लांब गेली, आणि पारूचा आवाज आता शब्द कळू नयेत इतका बारीक झाला होता.

महिपतने तो हात बाजूला सारला, माईकचं बटण पुरतं उजवीकडे फिरवलं आणि बहिणीला हाक मारली.